पाच मैलांचे शहर

मिरजेचा मनुष्य परगावी गेला आणि 'आपण कोठले?' असे त्याला कोणी विचारले, तर उत्तर ऐकून समोरचा गृहस्थ बहुधा तीनांपैकी एक गोष्ट काढतो. तो गाण्याचा षोकी असला तर तंबोऱ्याची चौकशी करतो, घरात मोठे दुखणे होऊन गेले असले तर इस्पितळाची. आणि या दोहोंशी ज्याचा संबंध आलेला नाही असा असला, तर नुसते 'मिरज जंक्शन!' एवढे म्हणून मान हलवितो. त्याने मिरज पाहिलेले नसते. मिरजेच्या फलाटावर अपरात्री उतरून गाडी मात्र बदललेली असते. किल्ला, दर्गा, पटवर्धनांचे संस्थान ही नावे त्याला मागाहून आठवतात. पाहुण्याला जे प्रथम आठवते ते गावकऱ्याला शेवटी आठवते, असा काही तरी नियमच असावा. कारण आमच्या गावाचा इतिहास सांगणारे पुष्कळ झाले. पण त्यांच्या सांगण्यात स्टेशन बहुधा शेवटच्या पानावर, 'दळणवळणाच्या सोयी' या मथळ्याखाली चार ओळींत येते. आज आम्ही तेथूनच आरंभ करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांची मिळून एक महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. कागदावर हे शहर त्या दिवशी जन्मले. रुळांवर ते १९०७ सालीच जन्मलेले होते. मधल्या नव्वद वर्षांत त्याचे आराखडे काढणारांनी, त्याच्या बातम्या छापणारांनी आणि त्यात राहणाऱ्या आपण सर्वांनी त्या जन्माकडे पाहावे तसे पाहिले नाही. आणि आज ज्या अडचणींबद्दल आपण रोज कुरकुरतो, त्यांतील बऱ्याचशा त्या दुर्लक्षातून निघालेल्या आहेत.

पण रुळांच्याही आधी एका भांडणाची हकिगत सांगितली पाहिजे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीच्या आरंभी, १७६१ च्या सुमारास, मिरज प्रांत गोविंद हरी पटवर्धनांकडे आला. पुढे चाळीस वर्षांनी, १८०१ साली, चिंतामणराव अप्पासाहेब आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचे बिनसले. वाटणी झाली आणि अप्पासाहेबांनी आपले बिऱ्हाड कृष्णाकाठच्या सांगली या लहानशा खेड्यात हलविले. तेथे त्यांनी गणपतीचे मंदिर उभारले आणि पेठ वसविली. भाऊबंदकीत सामान्यतः मधे बांध घातला जातो. येथे मधे शहर घातले गेले. दोन्ही गावांत अंतर पाच-सहा मैलांचे राहिले. बैलगाडीने अर्धा दिवस मोडावा, पण एकाच्या घरची भांडीकुंडी दुसऱ्याला दिसू नयेत, इतके ते पुरेसे होते. मिरज नदीपासून दूर, तटाखंदकाच्या आत. सांगली नदीच्या अगदी काठाला, व्यापाराच्या सोयीने. या दोन जागांच्या निवडीतला फरक पुढे किती महत्त्वाचा ठरला, ते पुराच्या वेळी कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या आठवड्यात सांगलीच्या बुडालेल्या पेठांतील माणसे विश्रामबागेकडे आणि मिरजेकडे उंचवट्यावर आली. दोनशे वर्षांपूर्वी रुसून गेलेले घर पुन्हा थोरल्या घरी मुक्कामाला आले, असे कोणी म्हटले तर ते सांगलीकरांनी मनावर घेऊ नये.

असो. या दोन गावांच्या मध्ये रेल्वे आली ती आपल्या सोयीसाठी आलेली नव्हती. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात सरकारला एक गोष्ट उमगली. धान्य एका प्रांतात असते आणि माणसे दुसऱ्या प्रांतात मरतात. दोहोंमध्ये रस्ता नसतो. म्हणून दुष्काळी मुलखात रुळांचे जाळे विणावयाचे ठरले आणि सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. तिचा पुण्याहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा फाटा १८८० नंतरच्या दशकात मिरजेवरून गेला. रुळांमधील अंतर एक मीटर. पुढे १८९१ साली कोल्हापूर संस्थानने आपली शाखा मिरजेला आणून जोडली आणि मिरज जंक्शन झाले. मुख्य मार्गावर मिरज होते. सांगली, म्हणजे त्या वेळची वाढती बाजारपेठ, बाजूला राहिली होती.

हळद, गूळ, शेंगा यांच्या व्यापारावर पोसणाऱ्या गावाला हे परवडणारे नव्हते. तेव्हा सांगली संस्थानने स्वतःच्या मालकीची रेल्वे बांधली. तिची लांबी होती सुमारे पाच मैल. १९०७ साली मिरज ते सांगली गाडी सुरू झाली. साऱ्या हिंदुस्थानच्या रेल्वेच्या नकाशात ही शाखा नखाएवढीही दिसत नसे. एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याला ती संस्थानिकांची हौस वाटली असली तर नवल नाही. परंतु आमच्या मते या मुलखाच्या नागरी इतिहासात त्या पाच मैलांएवढे मोठे दुसरे बांधकाम झालेले नाही. जी दोन गावे शंभर वर्षे एकमेकांकडे पाठ करून वाढली होती, त्यांची तोंडे त्या दिवसापासून एकमेकांकडे वळली.

येथे आम्ही तुम्हांस एका परदेशी गृहस्थाची ओळख करून देतो. पॅट्रिक गेडीस हे त्यांचे नाव. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा मनुष्य मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक. हक्सलेच्या हाताखाली शिकलेला आणि डंडी येथे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. झाडाकडे पाहता पाहता तो गावाकडे पाहू लागला. झाड जसे माती, पाणी आणि ऊन यांच्या मेळाने वाढते, तसे गाव स्थळ, काम आणि लोक यांच्या मेळाने वाढते, असा त्याचा सिद्धान्त. १९१४ साली तो नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाला. प्रदर्शनाचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविली. गेडीसने नवे सामान जमवून मद्रासला प्रदर्शन भरविलेच. पुढची सुमारे दहा वर्षे तो या देशातील गावांमागून गावे पायी हिंडत राहिला. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला आणि त्याच वर्षी इलाख्यातील काही गावांविषयी त्याने आपले अहवाल लिहिले. १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याच विभागाच्या छायेत वाढले.

त्या काळच्या इंजिनियरांची रीत अशी असे, की गावाचा नकाशा टेबलावर पसरावा, पट्टी ठेवावी आणि दाट वस्तीतून सरळ रेघ ओढावी. ती रेघ म्हणजे नवा रस्ता. रेघेखाली किती घरे, किती विहिरी, किती देवळे गेली याचा हिशेब मागाहून. गेडीसला या पद्धतीचा मनस्वी तिटकारा होता. त्याचे सांगणे असे, की आधी पाहणी, मग योजना. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, आणि चांगला शस्त्रवैद्य लागेल तेवढेच कापतो. एखादे पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी, एखादी बुजलेली गल्ली मोकळी करावी, तळे बुजविण्याऐवजी स्वच्छ करावे, तुळशीवृंदावनाचे अंगण राखावे; गाव आपले आपण श्वास घेऊ लागते. या रीतीने खर्च कमी येतो आणि कोणाचे छप्पर जात नाही, हे तो दरबारांना आकडे मांडून पटवी.

याच गेडीसने १९१५ साली एका पुस्तकात एक नवा शब्द घडविला: कॉनर्बेशन. कोळशाच्या खाणी आणि रेल्वे यांच्यामुळे इंग्लंडातील शेजारची गावे वाढत वाढत एकमेकांना चिकटत होती. नगरपालिका वेगळ्या, अभिमान वेगळे, परंतु रोजचे जीवन एक. अशा गावांच्या घोसाला इंग्रजीत नाव नव्हते, ते त्याने दिले. आपण त्याला जोडशहर म्हणू. मिरज-सांगलीची गाडी तेव्हा आठ वर्षे धावत होती. म्हणजे शब्द तिकडे तयार होत असताना वस्तू इकडे तयार होऊ लागली होती.

ती कशी तयार झाली ते आता पाहू. दोन गावांच्या मधला माळ हा पूर्वी कोणाचाच नव्हता. रेल्वे झाल्यावर तो दोघांचा झाला. १९१९ साली, म्हणजे गेडीस मुंबईस प्राध्यापक झाला त्याच वर्षी, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन कॉलेज काढले, ते सांगलीतही नाही आणि मिरजेतही नाही. या माळावर, विश्रामबागेस. पुढे १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, जे वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे, तेही तेथेच आले. डॉ. वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभे केले. रेल्वेच्या चार वाटांनी लांबलांबचे रोगी त्यांच्या दारी येत. क्षयाच्या रोग्यांसाठी मोकळ्या हवेची जागा पाहिजे झाली, तेव्हा तीही याच माळावर निघाली आणि त्या ठिकाणाला वानलेसवाडी हेच नाव पडले. विद्यार्थी, प्राध्यापक, रोगी आणि रोग्यांचे नातलग अशा लोकांनी तो मधला पट्टा भरत गेला. कोणी आराखडा काढला नव्हता. जाण्यायेण्याची सोय होती, म्हणून संस्था तेथे बसल्या. संस्था बसल्या म्हणून घरे झाली.

स्टेशन गाव घडविते याचे आणखी दाखले याच मार्गावर हाताच्या बोटांवर मोजता येतील. बेळगावहून उठावे लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० साली जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची, निवडुंगाने भरलेली. नांगराच्या कारखान्यामागे कामगारांचे गाव उभे राहिले आणि पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. कऱ्हाडच्या स्टेशनाजवळ ओगले बंधूंचा काचेचा कारखाना झाला आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलांबरोबर ओगलेवाडी हे नाव घरोघर गेले. कोल्हापूरच्या शाखेवर शिरोळ रोड स्टेशनाशी शाहू महाराजांनी आखीव रस्त्यांची व्यापारी पेठ वसविली आणि वडिलांच्या नावावरून तिचे नाव जयसिंगपूर ठेवले. या तिन्ही ठिकाणी गाडी आधी आली आणि गाव मागाहून आले. मिरज-सांगलीत मात्र गावे आधीची होती, म्हणून गाडीने केलेले काम डोळ्यांत भरले नाही.

१९२७ साली बार्शी लाईट रेल्वेची पंढरपूरहून येणारी अडीच फूट रुंदीची शाखा मिरजेस मिळाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने ती रेल्वे काढली होती. हलके रूळ, लहान डबे आणि सर्व चाकांवर सारखा भार, ही त्याची युक्ती. वारकऱ्यांच्या मनात या गाडीला जी जागा होती ती मोठमोठ्या मेलगाड्यांना मिळाली नाही. आता मिरजेत दोन गेज झाले, आणि १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाल्यावर तीन. तिन्ही मापांचे रूळ एका आवारात असलेली स्टेशने देशात मोजकीच होती. एका मापाच्या डब्यातील माल दुसऱ्या मापाच्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जाई. उतारूंना गाडी बदलावी लागे, म्हणून खाणावळ चाले, टांगा चाले, धर्मशाळा भरे. गेज बदलण्याच्या या खोळंब्यावर मिरजेतील किती चुली पेटत होत्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. प्रवाशाचा खोळंबा ही गावाची कमाई होती, हे कठोर असले तरी खरे आहे. १९९० नंतरच्या दशकात लोंढ्याकडचा आणि २०१० च्या सुमारास पंढरपूरकडचा मार्ग रुंद झाल्यावर तो खोळंबा संपला. गाड्या आता येथून सरळ निघून जातात. प्रवाशांचे हित झाले यात शंका नाही. पण जंक्शनच्या गावाने आता थांबण्यासाठी दुसरे काही कारण दिले पाहिजे, हा विचार तेव्हाच व्हावयास हवा होता.

या रुंदीकरणाचा एक गुण मात्र साऱ्या देशाने पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तळमळत असताना ११ तारखेस मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली गाडी निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली आणि नंतर ५० वाघिणींच्या गाड्या पावसाळ्यापर्यंत जात राहिल्या. जुने अडीच फुटी रूळ असते तर हे घडते ना. दुष्काळासाठी म्हणून काढलेल्या रेल्वेने एकशे तीस-चाळीस वर्षांनी आपले मूळचे काम पुन्हा केले.

आता त्या पाच मैलांच्या शाखेकडे परत येऊ. १९७१ च्या रुंदीकरणात पुण्याचा मुख्य मार्गच सांगलीवरून वळविण्यात आला. सांगलीला मुख्य मार्गावर स्वतःचे नवे स्टेशन मिळाले. शहराच्या पोटात शिरणारी जुनी शाखा गेली. सांगलीकरांनी आनंद मानला आणि तो स्वाभाविक होता. पासष्ट वर्षे बाजूला पडलेले गाव अखेर मुख्य मार्गावर आले होते. मुंबईची गाडी दाराशी आली. परंतु गेले काय, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानी आले नाही. लांबच्या प्रवासाची सोय झाली आणि जवळच्या प्रवासाची मोडली. पेठेतून निघून थोड्या वेळात मिरजेस उतरविणारी गाडी गेली. जुन्या स्टेशनाच्या जागेला सांगलीत आजही स्टेशन चौक म्हणतात. परगावचा पाहुणा नाव ऐकून तेथे उतरला तर त्याला वसंतदादांचा पुतळा भेटेल, राजकीय सभा भेटेल. गाडी भेटणार नाही.

आणि हे नेमके अशा काळात झाले, की ज्या काळात या दोन गावांमधली ये-जा वाढावयाची होती. १९४९ साली संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जिल्ह्याची कचेरी आणि बाजार समिती सांगलीत. रेल्वेचे जंक्शन, वानलेस आणि १९६२ साली निघालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत. कारखाने कुपवाडच्या माळावर. महाविद्यालये अधेमधे. एका कुटुंबातील बाप कुपवाडात कामाला, मुलगी विश्रामबागेस कॉलेजात, आजी मिरजेच्या इस्पितळात आणि जमिनीचा कज्जा सांगलीच्या कोर्टात, अशी घरे येथे हजारोंनी आहेत. ज्या शहराचे अवयव असे वाटून ठेवलेले असतात, त्या शहराच्या शरीरात रक्त फिरविण्याचे काम वाहतूक करते. गेडीस जीवशास्त्रज्ञ होता. त्याला ही उपमा समजावून सांगावी लागली नसती.

रेल्वेची जागा एस. टी. ने घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेने खेड्यापाड्यांची जी सेवा केली तिला तोड नाही आणि सांगली-मिरजेची शहर बसही तीच चालवीत आली आहे. येथेच आमची शंका आहे. शेजारच्या कोल्हापुरात नगराची स्वतःची बससेवा आहे, के. एम. टी.; पुण्यात महानगरपालिकेच्या जन्माबरोबर, १९५० साली, पी. एम. टी. निघाली. त्या सेवा तोट्यात जातात, त्यांच्या गाड्या जुनाट होतात, हे सारे मान्य. तरी गाडी उशिरा आली तर नागरिकाला कोणाच्या दारात जावयाचे ते ठाऊक असते. आमच्या महानगरपालिकेने पाणी, दिवे, गटारे, दवाखाने हे आपले काम मानले. माणसाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणे हे मात्र नेहमीच दुसऱ्याचे काम राहिले. आधी कंपनीचे, मग संस्थानचे, मग रेल्वेचे, मग महामंडळाचे. आणि जेथे कोणीच नाही तेथे वडापवाल्याचे. वडाप हा शब्द पुण्याच्या पलीकडे कोणाला कळत नाही. जीप किंवा सहा आसनी रिक्षा, तिच्यात बसतील तेवढी माणसे आणि लोंबकळतील तेवढी वर. आम्ही या वडापवाल्यांना नावे ठेवणार नाही. प्रवासी कोठे उभा असतो हे ज्याला बिनचूक कळते असा पाहणी-अधिकारी या शहराला तेवढाच लाभलेला आहे.

वाहतुकीला धनी नसला म्हणजे घरे कशी बांधली जातात, त्याचे उत्तर गुंठेवारी या एका शब्दात आहे. शेतकऱ्याने एकर विकावयाचा नाही, गुंठा गुंठा विकावयाचा. घेणाराने शंभर रुपयांच्या कागदावर विश्वास ठेवावयाचा. रस्ता नाही, गटार नाही, बसचा थांबा तर नाहीच. विकास आराखड्यात ज्या जमिनीवर हिरवा रंग होता तीवर घरे झाली. राज्य सरकारला २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि आमच्या तिन्ही गावांच्या भोवती अशा वसाहतींचे कडे पडलेले आहे. येथे राहणारा मनुष्य गुन्हेगार नव्हे. मालवाहू गाडीवर, इस्पितळात, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला परवडेल असा भूखंड आराखड्याने कोठेच ठेवला नव्हता. आराखडे वीस वर्षांचे असतात. माणसाला छप्पर याच पावसाळ्यात पाहिजे असते. जुन्या शाखेसारखी एखादी नियमित, स्वस्त गाडी माळापर्यंत जात असती तर वस्ती त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, माळेतल्या मण्यांसारखी बसली असती. ती नव्हती, म्हणून जिकडे जमीन स्वस्त तिकडे, वाटेल तशी, सखल भागातही पसरली; आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत त्यातील कित्येकांच्या घरांत पाणी आले.

आता वर्तमानपत्रांविषयी. विकास आराखडा तयार होतो तेव्हा तो वर्तमानपत्रात येतो, नाही असे नाही. आतल्या पानावर, बारीक टायपात, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी नोटीस येते. ती वाचतो तो वकील किंवा जमीनमालक. नंतर काही महिन्यांनी पहिल्या पानावर आराखडा पुन्हा येतो तो भांडणाच्या रूपाने: अमक्या जागेवरील आरक्षण उठविले, तमक्या सभासदांनी सभात्याग केला. मैदान गेले की राहिले एवढे वाचकाला कळते. त्या मैदानापर्यंत मूल चालत जाऊ शकेल का, हे कळत नाही. बातमीदाराचा यात फारसा दोष नाही. भांडण एका दिवसात घडते, म्हणून ते बातमी होते. वस्तीपासून बसचा थांबा लांब पडतो ही गोष्ट रोजच घडते, म्हणून ती बातमी होत नाही.

असे नेहमीच होते असे मात्र नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून एक लहानसे मासिक निघाले; त्याचे नावच 'किर्लोस्कर खबर'. शंकरराव किर्लोस्करांनी ते काढले. हेतू कारखान्याच्या मालाची जाहिरात करण्याचा होता हे खरे. पण नऊ-दहा वर्षांत त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या विचारावर त्याने ठसा उमटविला. निवडुंगाच्या माळावर वसलेली एक वाडी आपली खबर आपण छापून काढते, आपल्यात काय चालले आहे ते उघड सांगते, हा त्यातला विशेष आम्हांला मोठा वाटतो.

दुसरा दाखला पुन्हा गेडीसचाच, आणि तो मराठी दरबारातला आहे. होळकरांच्या इंदुरात तो शहराची पाहणी करीत होता, तेव्हा प्लेगाची साथ होती आणि कागदवही घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाला पाहून लोक घाबरत. हा घरे पाडावयास आला आहे असा बोभाटा झाला. गेडीसने त्यावर नोटीस काढली नाही. त्याने दिवाळीत मिरवणूक काढावयाची ठरविली आणि डौंडी पिटविली, की ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून मिरवणूक जाईल. सारे शहर झाडू घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, डास होते आणि त्यांच्या मागोमाग नवी पांढरी वस्त्रे नेसलेले, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. त्याचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला, तो आज अभ्यासक वाचतात; ती मिरवणूक मात्र निरक्षर माणसानेही वाचली होती.

आमच्या जोडशहराचा पुढचा आराखडा केव्हातरी होईलच. तत्पूर्वी एक लहान काम करण्यासारखे आहे आणि त्याला सरकारी मंजुरीची गरज नाही. या मंडपात महाविद्यालयांचे पुष्कळ विद्यार्थी बसले आहेत. त्यांपैकी काहींनी एक आठवडाभर सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत पाळीपाळीने मिरजेच्या गांधी चौकात, विश्रामबागेस, सांगलीच्या पुष्पराज चौकात आणि कुपवाडच्या नाक्यावर उभे राहावे. किती माणसे थांबली, किती वेळ थांबली, कोठे जावयाची होती, बसने गेली की वडापने, की कंटाळून चालत निघाली, एवढेच वहीत मांडावे. बायका किती, शाळेची मुले किती, इस्पितळात डबा घेऊन जाणारी माणसे किती, याचे वेगळे रकाने असावेत. रात्रीच्या गाडीने जंक्शनवर उतरणाऱ्यांची मोजणी वेगळी व्हावी. कारण अकरा वाजता मिरज स्टेशनवर उतरून सांगलीस जाणाऱ्या एकट्या बाईला काय मिळते, हा प्रश्न दिवसाच्या आकड्यांत दिसणार नाही. ही वही मग एखाद्या स्थानिक दैनिकाने रोज एक चौक याप्रमाणे पहिल्या पानावर छापावी, आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत तिच्यावर एक संध्याकाळ ठेवावी. त्या संध्याकाळी नगररचना खात्याच्या अधिकाऱ्यांनी व्यासपीठावर न बसता श्रोत्यांत बसावे.